बुडालेली गाडी

तिला सगळे पडदेवाली म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून ती दुकानांचे, दवाखान्यांचे पडदे शिवायची. नवरा बसचा ड्रायव्हर. मधुमेहाने आधी त्याचे डोळे अधू केले, मग मूत्रपिंडं. डायलिसिसला नेता-आणताना रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या करून ती थकली आणि पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकायला लागली. शिकवणीच्या गाडीत नवरा मागे बसायचा. दिसायचं अंधुक, पण कान शाबूत. क्लच जोरात दाबला गेला की म्हणायचा, "अगं, पाय आहे की वरवंटा?"

जुन्या गाड्या विकणाऱ्याने दाखवलेली करडी गाडी तिला पाहताक्षणी आवडली. पुढची सीट पार मागे रेलायची. परतताना नवऱ्याला आडवं होता आलं असतं. नवऱ्याने आत डोकं घातलं आणि कुबट वास येतोय म्हणाला. विक्रेत्याने गाडी बरेच दिवस बंद होती असं सांगून वेळ मारून नेली. इंजिन आणि गिअरबॉक्सची वर्षाची वॉरंटी लिहून दिली. नवऱ्याने पुन्हा तिच्याकडे तोंड वळवलं, पण ती सीट मागेपुढे करून बघत होती.

काही आठवडे गाडी बरी चालली. मग एका सकाळी दवाखान्याच्या वाटेवर, पुलाच्या मधोमध, सगळं एकदम बंद पडलं. दिवे, काचा, हॉर्न, काहीच चालेना. मागच्या गाड्या कोकलत होत्या. दोघं दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचं डायलिसिसचं मशीन दुसऱ्याला दिलं होतं. उद्या या, म्हणाले. उद्यापर्यंत त्याच्या फुप्फुसात पाणी भरलं. तो आठवडा संपायच्या आत तो गेला.

गाडी ओढून गल्लीतल्या मेकॅनिककडे नेली. त्याने पायाखालचं कारपेट उचललं. खाली गाळाचा वाळलेला थर होता, वायरींचे सांधे हिरवे पडले होते.

"काकू, ही सीटपर्यंत पाण्यात होती," तो म्हणाला. "वरवर पुसून विकलीय."

विक्रेत्याने हात झटकले. वायरिंग वॉरंटीत येत नाही, पाण्याने झालेलं नुकसान तर नाहीच, शिवाय 'आहे त्या स्थितीत घेतली' याखाली तुमची सही आहे. ती ग्राहक न्यायालयात गेली. तिच्या वकीलबाईंनी समजावलं की वॉरंटीत काय येतं हा वेगळा मुद्दा. गाडी बुडालेली होती हे ठाऊक असून लपवलं, ही फसवणूक, आणि त्या सहीने ती झाकली जात नाही.

"आणि ह्यांचं?" तिने विचारलं. "ह्यांचंही लिहा ना."

ते सिद्ध करणं फार अवघड आहे, वकीलबाई म्हणाल्या. ते आधीच आजारी होते असं समोरचे म्हणतील, आणि त्या वादात गाडीचंही भिजत घोंगडं पडेल. तेव्हा तक्रार झाली ती गाडीची. नवरा त्यात कुठे आलाच नाही.

तारखांवर तारखा पडत गेल्या. एका तारखेला समोरच्या वकिलाने विचारलं, घेताना तुम्हाला वास आला नव्हता का? वकीलबाईंनी नजरेने सावध केलं, पण तिला खोटं बोलवेना.

"आला होता. ह्यांनी सांगितलंही होतं. मीच कानाआड केलं."

एवढं बोलताना ती लाकडी कठड्याला घट्ट धरून उभी होती. घरी येऊन त्या दिवशी तिने मशीन उघडलं नाही.

निकाल तिच्या बाजूने लागला. वास आला म्हणून विक्रेत्याची खरं सांगण्याची जबाबदारी संपत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. गाडी परत घ्यावी, पूर्ण किंमत परत द्यावी. विक्रेत्याने बरीच टाळाटाळ करून शेवटी पैसे भरले. वकीलबाईंनी तिचे हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

गाडी न्यायला टोइंगवाला आला. आत काही राहिलंय का बघा, म्हणाला. दाराच्या कप्प्यात नवऱ्याची छोटी बाटली होती. त्याला पाणी मोजूनच प्यायची परवानगी होती. घोटभर उरवून ठेवलेलं होतं. ती बाटली तिने काढून घेतली आणि किल्ली दिली.

"हिचं आता काय करणार?"

"आम्ही फक्त पोचवतो, काकू," तो म्हणाला. "पण सहसा विकतातच पुन्हा."

तिने तिथूनच वकीलबाईंना फोन लावला. पुढच्या माणसाला सांगूनच विकायची, असं निकालात आहे का? नव्हतं. तसं कुणी मागितलंच नव्हतं. ती फोन कानाला लावून उभी राहिली, आणि मागची चाकं तेवढी रस्त्यावर टेकवत गाडी वळणाआड गेली.