वाघोबाच्या वळणावरचा हॉर्न

दोष मोठेबाबांचा. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर शेवटी तुम्ही सगळे माझ्याकडे बोट दाखवाल. मोठेबाबा म्हणजे माझ्या बापाचे थोरले भाऊ. जन्मभर जंगलाच्या रस्त्यावर जीप चालवली आणि त्या जोरावर साऱ्या घराला अक्कल शिकवली.

मी कॉलेज सोडल्यापासून घरात मला कोणी माणसात धरत नव्हतं. मोठेबाबांनीच शब्द टाकला आणि जंगलाजवळच्या एका लॉजवर मला ड्रायव्हरची नोकरी लागली. मालकाचा नियम एकच : जंगलात हॉर्न वाजवायचा नाही.

पहिल्या दिवशी रस्ता दाखवायला मोठेबाबा शेजारी बसले. मागे पुण्याच्या एक बाई, मांडीवर भलामोठा कॅमेरा. दरवर्षी येतात, वाघ काही दिसत नाही म्हणाल्या.

दिवाळी होऊन गेलेली. घाटातला साग पिवळा पडत होता, गवत माणसाएवढं. एका वळणावर शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड आला; इथले जुने ड्रायव्हर त्याला हॉर्न देऊनच पुढे जातात. मी गाडी सरळ पुढे काढली.

"वाघोबाले हॉर्न नाई देल्ला तू," मोठेबाबा म्हणाले.

"मालक नाई म्हणते. अन् दगडाले ऐकू येते का?"

"मालक काल आला. वाघोबा कवाचा आहे?"

झालं. मग घाट संपेपर्यंत माझा उद्धार. सोडलेलं कॉलेज, वाढवलेले केस, बापाला दिलेली उलट उत्तरं, सगळं त्या एका हॉर्नवरून निघालं. बाई बिचाऱ्या अवघडून बाहेर बघत होत्या. शेवटी मी हात टेकले. येताना वाजवतो म्हटलं, पण आता गप्प बसा.

येताना ऊन उतरलं होतं. वळण घेतलं, तर दगडासमोर, रस्त्याच्या मधोमध, वाघ बसलेला. दगडाचा नाही, खरा!

मी ब्रेक दाबला. बाईंनी श्वास रोखून कॅमेरा उचलला. मोठेबाबांनी हात जोडले. सागाचं पान पडलेलं ऐकू यावं इतकी शांतता.

आणि मी काय केलं? दगड दिसला आणि हात आपोआप गेला. दणदणीत हॉर्न!

गवत हललं. रस्ता रिकामा.

 बाईंनी कॅमेऱ्याला झाकण लावलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

लॉजवर हॉर्नची बातमी कळताच मालकाने आधी मोठेबाबांना विचारलं. "मी तं हात जोडून बसलो होतो," ते म्हणाले. "वाजवला यानं."

मालक माझ्याकडे वळला. "देव मानते का तू?"

"नाई."

"मंग काऊन वाजवला?"

मी मोठेबाबांकडे बोट दाखवलं. नोकरी एक दिवस टिकली.