कोयता धुवायला मी सांगितलं

मार्गशीर्ष संपल्यानंतरचा पहिला रविवार. काम एकच: पापलेटं आणायची. महिनाभर आमच्या घरी मासे शिजले नव्हते. बोरिवलीतल्या निम्म्या घरांची तीच गत, त्यामुळे गर्दी होणार हे धरूनच मी सकाळी लवकर बाजारात गेले.

माझी मासेवाली ठरलेली आहे. गोराईहून होडीने येते, कित्येक वर्षं एकाच जागी बसते, मला ‘बाय’ म्हणते आणि मी घासाघीस केली की चारचौघांत माझी लाज काढते. तिच्या मागे हल्ली मोबाईलचं दुकान झालंय. त्या दुकानदाराला माशांचा वास नको असतो. रोज एकदा तरी कुरबुर ठरलेली.

त्या दिवशी माझ्या आधीच्या बाईचे मासे कापून झाले. मासेवालीने सवयीप्रमाणे कोयता मासे कापायच्या ओंडक्यात रुतवून ठेवला आणि माझी पापलेटं निवडायला ती पाटीवर वाकली. तेवढ्यात दुकानदार बाहेर आला. “रोज रोज सांगायचं का तुला?” म्हणत त्याने तो ओंडकाच उचलला, बाजूला फेकायला. ओंडका ओला होता. हातातून सुटायला लागला तसा त्याने तो घट्ट पकडायला हात पुढे टाकला, तो नेमका पात्यावर. तळवा चांगलाच चिरला. मी समोर उभी होते. तिचे दोन्ही हात त्या वेळी पाटीत, बर्फात होते.

तो ओरडत दवाखान्यात गेला. ती घाबरून तशीच उभी राहिली. आणि मी काय म्हणाले? “आधी तो कोयता धू गं. माणसाचं रक्त लागलेल्या कोयत्याने माझे मासे कापू नकोस.” तिने बादली ओतली, कोयता धुतला, ओंडका घासला आणि माझी पापलेटं कापून दिली.

ती तिच्याकडेच ठेवून मी बाकीचा बाजार केला. परत येऊन पिशवी उचलते तोच हवालदार आले. मागे पट्टी बांधलेला दुकानदार. “हिने वार केला, साहेब.”

“कोयता कशाला धुतला?” हवालदारांनी तिला विचारलं.

धुण्याबद्दल ती काहीच बोलली नाही. बाकी मात्र तोंड सुटलं ते थांबेना. “मी वार केला असता तं पट्टी बांधायला हात उरला असता का याचा? नीट बघा की! एक दिवस सोलीनच मी याला कोलंबीसारखा!”

हवालदारांनी हे शेवटचं वाक्य लगेच लिहून घेतलं.

“गप्प बस,” मी तिला म्हटलं.

“का गो? मी का गप बसू?”

“तुझंच तोंड तुला नडतंय म्हणून.”

हवालदारांनी आजूबाजूला पाहिलं. “कोणी बघितलं?” कोथिंबीरवाला जुड्या बांधायला लागला. शेजारच्या सुकटवालीने पदर सारखा केला. आणि मी पिशवीची गाठ मारत राहिले. भर बाजारातल्या गलक्यात बोललेलं अर्धंच ऐकलं जातं, उरलेलं उलटं लिहिलं जातं, असं मी मनाशी म्हटलं. त्यात थोडं तथ्य होतं. पण मुख्य म्हणजे मला कोर्टकचेरी नको होती. हवालदारांनी कोयता जप्त केला, तिला सोमवारी दहा वाजता पोलीस स्टेशनला यायला सांगितलं, आणि मी घरी जाऊन रवा लावून पापलेटं तळली.

दुपारी बेल वाजली. दारात तिची सून. आमच्याकडे कधीतरी मासे पोचवायला यायची म्हणून घर माहीत.

“काकी, साहेब म्हणतात, पुरावा मिटवायला कोयता धुतला. उद्या आत घेणार.”

“मग तिने सांगितलं नाही का, मी धुवायला लावला ते?”

“नाय ना. बायचं नाव काढायचं नाय, म्हणते. तिच्या दारात पोलीस नको यायला. मी आले ते पण तिला ठाऊक नाय.”

मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, “जा घरी. सासूला सांग, उद्या मोजकं बोल. आणि सोलण्याचं तर अजिबात बोलू नकोस.”

आतून नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. “दिंडोशीला कोर्टात फेऱ्या मारायच्यात का? तू साक्षीदार नाहीस, गिऱ्हाईक आहेस.”

“गिऱ्हाईक होते म्हणूनच समोर होते.”

“तो दुकानदार रोज दिसणार आहे आपल्याला.”

“दिसू दे. त्याच्याकडून कव्हरसुद्धा घ्यायचं नाही मला.”

“आणि एरवी तीच तुला कंजूष म्हणत असते.”

“ते खरं आहे,” मी म्हटलं. “तेही कोणी विचारलं तर सांगेन.”

बाईमाणसाचा जबाब पोलिसांनी घरी येऊन घ्यायचा असतो, हे मला माहीत आहे. पण जीप खाली लागली की आख्खी बिल्डिंग गॅलरीत. त्यापेक्षा आपणच जावं. भांडी घासताना काय बोलायचं ते ठरवलं. त्या दोघांची रोजची कुरबुर, तो माणूस कसा आहे, ती मनाने किती चांगली, यातलं काही नाही. विचारलं तरी, ‘मला माहीत नाही.’ हात कुठे होते ते सांगायचं, कापलं कसं ते सांगायचं, आणि कोयता कोणाच्या सांगण्यावरून धुतला ते.

सोमवारी सकाळी दहाच्या आधीच पोहोचले. ती बाहेर बाकावर बसली होती, सून शेजारी. मला पाहताच उठली.

“तू कशाला आलीस गो? घरी जा.”

“गप्प बस,” मी म्हटलं आणि आत गेले.

फौजदारबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. ऐकत गेल्या, शेजारचा शिपाई टाइप करत गेला. झाल्यावर मी वाचायला मागितलं. ‘आरोपीने कोयता धुतला’ एवढंच होतं.

“मी सांगितलं म्हणून धुतला, हे राहिलं.”

“त्याने काय फरक पडतो, मॅडम?”

“फरक पडत नसेल तर घालायला काय हरकत आहे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शिपायाकडे. त्याने वाक्य घातलं. मी पुन्हा वाचलं.

“काल का नाही बोललात?”

“काल बोलायला हवं होतं. आज बोलतेय.”

“कोर्टात बोलावलं तर यावं लागेल.”

“येईन.”

मग मासेवालीलाही आत बोलावून तिचं लिहून घेतलं. फौजदारबाई म्हणाल्या, आज अटक नाही, दुकानातला कॅमेरा बघून पुढचं ठरवू. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “कोयता तं त्यांच्याकडंच राहिला. उद्या धंदा कशावर करू?”

मी ऑफिसला फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिच्याबरोबर नवा कोयता घ्यायला गेले.