मुंढ्यातला अर्धा इंच

मला लिहायची सवय नाही. जमेल तसं लिहितो.

माझी धाकटी बहीण कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर होती. सगळे तिला 'मास्तर' म्हणत. कापडाचे चाळीस थर पसरायचे, वर पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा, खडूने आखायचं आणि यंत्राने एकदम कापायचं, हे तिचं काम.

एकदा तिने काढलेल्या साच्यातच मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, अर्धा इंच कमी पडला. बाह्या बसेनात. शिवणाऱ्या बायका एकमेकींवर खेकसू लागल्या. मास्तर स्टुलावर चढली.

"मशीन बंद करा. चूक माझ्या साच्यात आहे, तुमच्या हातात नाही."

"आम्हाला वाटलं, गिऱ्हाइकांचे दंडच जाड!"

"जाड माझं डोकं. आणा ते तुकडे इकडे."

हे तिनेच मला हसत सांगितलं. मी असतो तर तोंड लपवून घरी गेलो असतो.

बावन्नाव्या वर्षी तिच्या स्तनात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर आमच्या घराण्याचा तक्ता काढला, बायकांना गोल आणि पुरुषांना चौकोन. म्हणाल्या, "कधीकधी जनुकातला एखादा बदल पिढ्यान्पिढ्या उतरतो. आईकडून येतो, तसा बापाकडूनही. प्रत्येक मुलाला, मुलीला मिळायची शक्यता निम्मी. मिळाला म्हणजे रोग होतोच असं नाही, पण माहीत असलं तर घरच्यांची वेळेवर तपासणी करता येते. आईला, मावशीला असं काही होतं?"

"दादालाच माहीत," मास्तर म्हणाली. "आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते."

मी बारा वर्षांचा होतो. आईची गाठ मला माहीत होती, मावशीचीही. बाहेर चकार शब्द काढायचा नाही, अशी वडिलांची ताकीद होती. शिवाय त्याच महिन्यात माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं.

"आई तापाने गेली," मी म्हणालो. "मावशी म्हातारपणाने."

बाईंनी आईचा आणि मावशीचा गोल रोगाची खूण न करता रिकामा सोडला. जनुकाची तपासणी मग राहूनच गेली. तीन वर्षांनी मास्तर गेली.

गेल्या महिन्यात भाचीने कारखान्यात बोलावलं. ती आता आईच्याच टेबलावर काम करते. जुने साचे निवडायला तिला मदत हवी होती. भिंतीवरच्या खिळ्याला तो चुकलेला साचा अजून लटकत होता. त्यावर मास्तरच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुंढा अर्धा इंच कमी. कोणी वापरू नये.'

"हा फेकायचा का?"

"छे! आई म्हणायची, फेकला तर सगळे विसरतील आणि पुन्हा तसाच काढतील."

मी स्टुलावर बसलो. चढायचं धाडस नव्हतंच. खाली बघत सगळं सांगून टाकलं.

भाचीने खडूचा तुकडा बोटांत फिरवला.

"आईला कधीच कळलं नाही?"

"नाही."

"तू ते खोटं बोलल्याला आठ वर्षं झाली, मामा. मी एकदाही तपासून घेतलं नाही. कशाला घेईन? आमच्यात कोणाला नव्हतंच ना!"

तिने खडू टेबलावर आपटला.

"आणि तुझ्या अंगात तो बदल असेल तर? ताईला सांगितलंस?"

ताई म्हणजे माझी मुलगी. तिचं लग्न मोडू नये म्हणून मी खोटं बोललो, आणि तिच्यापर्यंत तो बदल पोचला असेल तर माझ्याकडूनच. बाईंनी हे त्या दिवशी माझ्यासमोर सांगितलं होतं. बायकांचं दुखणं म्हणून मी कानाआड केलं.

"नाही सांगितलं."

"मी उद्या रक्त द्यायला जातेय. तूही येतोयस." तिने माझा फोन माझ्यापुढे सरकवला. "आधी तिला लाव. इथेच, माझ्यासमोर. घरी गेलास की पुन्हा तोंडाला कुलूप."

तिचं खरं होतं. मी नंबर लावला.

"काय हो बाबा, आज या वेळी कसे?" मुलगी हसत म्हणाली. मागे तिच्या लेकीची बडबड चालू होती.

"तू जरा खाली बस," मी म्हणालो. "माझी एक चूक झाली आहे."