वाचून दाखवायचं प्रकरण

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, जपानमधलं इचिकावा. हजर: एलेनची युटाहून आलेली बहीण, एलेनचे प्रकाशक, आमचे जुने घरमालक मोरितासान, माझा नवरा संजय आणि मी. इतरांची चरित्रं लिहिण्यात जिचं आयुष्य गेलं, तिच्या अखेरच्या निरोपाला पाचच माणसं... पण तिला गर्दी कधीच आवडली नाही.

एलेनची आणि माझी ओळख मोरितासानांमुळे झाली. २००० नंतर आयटीतली आपली माणसं इकडे येऊ लागली, तेव्हा आम्हाला घर द्यायला कोणी तयार नसायचं. फोडणीचा वास भिंतींना धरतो, असं एजंट तोंडावर सांगायचे. मोरितासानांनी मात्र किल्ली आमच्या हातात ठेवली. पुढे काही वर्षांनी एलेन त्यांचं चरित्र लिहू लागली. ती लिहायची ते अशाच माणसांबद्दल, आणि थेट जपानीत. मुलाखती ऐकून टाइप करायचं काम मला मिळालं. तिच्याइतकं नेटकं काम करणारी बाई मी पाहिली नाही.

छापण्याआधी प्रत्येक प्रकरण ती त्या माणसाला वाचून दाखवायची आणि तो सांगेल ते खोडायची. तिचं घर मॉर्मन, म्हणजे चहा-कॉफीही वर्ज्य मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं. दर सोमवारी संध्याकाळी सगळे एकत्र बसत आणि वडील पूर्वजांच्या हकिकती वाचत. एकदा आजी हळूच म्हणाली, "असं नव्हतं झालं." वडील वाचतच राहिले... एलेनने पुढे चर्च सोडलं, पण आजीचं ते वाक्य सोडलं नाही. घरच्या नियमाप्रमाणे चहाही तिने शेवटपर्यंत घेतला नाही. मोरितासान तिच्यासाठी भाजलेल्या जवाचं पाणी गार करून ठेवायचे.

आम्हा भारतीय भाडेकरूंच्या प्रकरणात तिने लिहिलं होतं, की मोरितासानांनी दयेपोटी घर दिलं.

"दया काढा," मोरितासान म्हणाले. "खोल्या रिकाम्या पडल्या होत्या."

मी म्हटलं, आम्हाला तर ती दयाच वाटली.

"तुम्ही एवढा लसूण घालता हे माहीत असतं, तर केलीही नसती."

एलेनने हसत हसत ते दयेचं वाक्य खोडलं. प्रकाशकांनी ते ठेवायचा आग्रह धरला, पण ती बधली नाही.

हॉस्पिटलमध्ये तिने मोरितासानांच्या चरित्राचं शेवटचं प्रकरण माझ्या हातात दिलं. "मीना, त्यांनी ऐकल्याशिवाय छापू देऊ नकोस."

ती गेल्यानंतर मी मोरितासानांकडे दोनदा जाऊन आले. ते तिची जमिनीवर बसायची उशी मांडतात, तिच्या कपात जवाचं पाणी ओततात. मी पानं काढते.

"आज नको, मीनासान... हे वाचलं की संपलं."

मी पानं परत पिशवीत ठेवते, कप विसळून पालथा घालते. प्रकाशकांचा फोन दर आठवड्याला येतो. मी एवढंच सांगते: शेवटचं प्रकरण अजून वाचून दाखवायचंय.