मामांची प्रजा

निजामाच्या राज्यात सुखी अशी प्रजा फक्त माझ्या मामांचीच होती, आणि ती त्यांच्या परसातल्या हौदात दगडांना चिकटून राहत असे. तरुणपणी हैदराबादेत गटारांच्या कामावर मिस्त्री असलेले मामा गावी परतले ते एकच सिद्धांत घेऊन: घाण धुऊन जात नसते, ती खाणारं कोणी पाळावं लागतं. खडीने भरलेल्या त्या हौदावर अख्ख्या गल्लीचं सांडपाणी त्यांनी पन्हळीतून झिरपत सोडलं होतं. खडीवर बुळबुळीत करडी साय धरली होती. हीच मामांची जिवंत प्रजा; घाण ती खाई, आणि खालून निघणाऱ्या निवळ पाण्यावर मामींची वांगी पोसत. दिवाळीत मामी खराटा घेऊन तिकडे वळल्या की मामा हौदावर आडवे पडत. पाहुण्याला आधी हौद दाखवत, मग पाणी विचारत. पाहुणा नको म्हणे. शेजारच्या वैनींकडून येणारी सांडपाण्याची धार बारीक झाली की हे दारात हजर: "काहून वैनी, सैपाक न्हाई का आज? लेकरं उपाशी हायेत माजी!"

मी तेव्हा निजामाच्या जुलमाविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटत होतो. मामा माझं पत्रक आवर्जून मागून घेत आणि त्याची गुंडाळी करून पन्हळीतला गाळ काढत. तो राग माझा अजून गेलेला नाही.

धाडी जवळ आल्या तशी एका दुपारी मामींसकट सगळी गल्ली रिकामी झाली. कनेरगाव नाक्यापलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर, वाशिमच्या मुलखात निर्वासितांची छावणी होती. मी मामांना न्यायला बैलगाडी घेऊन गेलो, तर मामा सुकत चाललेल्या खडीवर खरकट्याची घागर ओतत होते.

"मामा, घरं जाळून राहिले लोक! अन् तुमी शेवाळ पाळता?"

"तू जाय. सगळेच गेले तर यांना खाऊ कोन घालंल?"

"अन् तुमालाच कापलं तर?"

"मंग तर यांना कोनीच न्हाई राहत."

संतापून मी हौदातला एक दगड उचलला, भिरकावायला. मामांचा चेहरा एकदम उजळला. "बराबर! येवढं तर नेता येते की रे!" ओल्या फडक्यात गुंडाळलेला तो दगड मांडीवर घेऊन ते निमूट गाडीत बसले. छावणीत लोक भाकरीसाठी रांग लावत, मामा खरकट्या पाण्यासाठी.

राज्य बदललं, आम्ही परतलो. हौद वाळून पांढरा पडला होता. मामांनी तो दगड खडीच्या मधोमध ठेवला आणि कोरड्या पन्हळीकडे बघत बसले. बरीच दारं बंद होती. काही पुढे उघडलीच नाहीत. उन्हं कलता कलता कुठेतरी राखेने भांडं घासल्याचा आवाज आला, आणि पन्हळीतून गढूळ, बारीकशी धार उतरली.

मामा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वैनी आली रे."