सावल्या आणि सावळी

माझ्या भाचीच्या साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, फोटो मी घरी बसून असे उजळवले की त्यात भाचीच ओळखू येईना. चूक कॅमेऱ्याची नव्हती, विजेची नव्हती, माझी होती. आज सरळ लिहितोय खरं, पण तेव्हा मी बराच वेळ त्या दोघांनाच दोष देत होतो.

साक्षगंध अड्याळला, बहिणीच्या घरी होतं. फोटोग्राफरचा विषय निघाला तेव्हा मीच म्हणालो, "कायले पाहिजे? मी आहो ना!" वर, फ्लॅशने चेहरे सपाट दिसतात, मी नैसर्गिक उजेडातच फोटो काढतो, असं छोटंसं भाषणही दिलं. पाहुण्यांची गाडी साकोलीजवळ अडकली, कार्यक्रम लांबला आणि नैसर्गिक उजेड मावळून गेला. मी मात्र शब्दाला जागलो. फ्लॅश लावला नाही.

रविवारी दुपारी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये फोटो कॉम्प्युटरवर उघडले, तर सगळा कोळसा. दिसत होते ते लोकांचे दात आणि नवरदेवाचा पांढरा सदरा. बायको चहा घेऊन आली. वाकून बघत म्हणाली, "हे साक्षगंध होय का लोडशेडिंग?"

मी कॉम्प्युटर मराठीत वापरतो, आणि त्याचा मला थोडा गर्वच आहे. फोटोच्या प्रोग्रॅममध्ये 'सावल्या' नावाची एक पट्टी आहे. ती उजवीकडे सरकवली की फोटोतला काळोख उजळतो. सरकवली. अंधारातून मांडव निघाला, खुर्च्या निघाल्या, पाहुणे निघाले. मागच्या खांबाआडून भाऊजी निघाले, पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटताना. खर्रा सोडल्याची शपथ त्यांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती. मला इतका आनंद झाला की पट्टी मी आणखी ओढली. तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर तांदळाच्या कणीसारखे रंगीत दाणे उमटले. ते घालवायला दुसरी पट्टी ओढली, तर चेहरे मळलेल्या कणकेसारखे गुळगुळीत झाले. सगळ्यात गुळगुळीत आणि सगळ्यात पांढरी भाची.

"तुमी फोटो सुधरवून राहिले का भाचीले धुवून राहिले?" बायकोने विचारलं.

मी तोवर फोटो दोन्ही घरांच्या नव्या ग्रुपवर टाकूनही बसलो होतो.

पहिलं उत्तर बहिणीचं आलं, "खांबामागं कोण होय?" पाठोपाठ भाऊजी ग्रुपमधून बाहेर पडले. मग नवरदेवाच्या आत्याने लिहिलं, "अगं बाई, नवरी तं गोरीपान निघाली!" त्यावर कोणी कोणी टाळ्याही वाजवल्या.

संध्याकाळी भाचीचा फोन. "मामा, हे पोरगी कोण होय? इचं लग्न कोणासंग जमलं?"

मी हसलो. ती हसली नाही.

"रंगापायी मले आधी नकार आले, तुमाले माहीत आहे. यानं मले पाहून हो म्हटलं. आता त्याच्या घरच्यायले वाटंन का माह्या घरच्यायलेच माहा रंग झाकाव वाटते." मग म्हणाली, "लग्नात मामा म्हणून तुमी कोणाच्या मागं उभे राहाल? इच्या का माह्या?"

मी तिला दाणे, पट्टी, कमी उजेड असं काय काय समजावू लागलो. "त्या सावल्या असतात ना..." म्हणालो आणि तिथेच अडखळलो. सावल्या पुसता पुसता मी सावळी पुसली होती. मुद्दाम नाही, हे खरं. पण पट्टी ओढताना तिचा चेहरा पांढरा होत गेला आणि मला ते बरं वाटलं होतं, हेही तितकंच खरं. तेवढं मात्र फोनवर बोलायचं धाडस झालं नाही.

मूळ फोटो पुन्हा उघडले. या वेळी पट्टी जरा हलवली आणि हात काढून घेतला. मांडव अंधारात राहिला. बल्बचा उजेड भाचीच्या गालावर पडला होता, तेवढाच तिचा सावळा चेहरा सुरेख उठून आला. भाऊजी पुन्हा काळोखात गेले. पण आता त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

तो फोटो भाचीला एकटीलाच पाठवून हळूच 'चुकलो' म्हणायचं मी ठरवलं होतं. बायकोने मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. "गोरी सगळ्यायसमोर केली, मंग माफी कोपऱ्यात कायले?"

ग्रुपवर लिहायला बसलो. आधी कॅमेऱ्याबद्दल लिहिलं, मग साकोलीजवळ अडकलेल्या गाडीबद्दल. दोन्ही खोडलं. जे उरलं ते फोटोखाली टाकलं:

"मागचे फोटो पुसून टाका. ते म्या बिघडवले. आमची पोरगी सावळी आहे, हा तिचा खरा फोटो. तिचा चेहरा पांढरा झाला तेव्हा मले बरं वाटलं, त्याची मले लाज वाटते. माय, तुह्या मामाचं चुकलं, माफ कर. लग्नात तुह्याच मागं उभा राहीन. कॅमेरा घरी ठेवून येतो."