गार्ड बदलेना, साम्राज्य बुडेना

इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो, तेव्हा वाटलं पोस्टिंगं संपली. मग मुलीने, मीनलने, बोलावून घेतलं आणि शेवटचं पोस्टिंग आलं जर्मनीत, र्युसेल्सहाइमला. जावई अमेय तिथे इंजिनिअर. कमांडिंग ऑफिसर माझी नात इरा, वय नऊ. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, मी कळल्यासारखी मान हलवायची. रूटीन हेच.

जूनमध्ये शाळेने मैदानावर नाटक ठेवलं. विषय, पवित्र रोमन साम्राज्य. ऐन नाताळात रोममध्ये पोप एका राजाला मुकुट घालतो, तिथे सुरुवात. हजार वर्षांनी फ्रेंच फौजांपुढे शेवटचा सम्राट तो उतरवतो, तिथे शेवट. मधल्या काळात कायमची राजधानी नाही, स्वतःची धड फौज नाही, आणि सम्राट कोण ते सात धर्मगुरू-सरदार मिळून ठरवणार.

"अहो अमेयराव," मी म्हणालो, "असं युनिट हजार वर्षं चाललं म्हणजे रसद सांभाळणारा क्वार्टरमास्टर फार हुशार असणार."

शेवटचा सम्राट होती इरा. तिला एकच वाक्य होतं. ते ती महिनाभर आंघोळीतसुद्धा घोकत होती.

शाळेतल्या फ्राऊ ब्रेमर बाईंनी सम्राटाचे शिपाई माझ्या ताब्यात दिले. मला जर्मन येत नाही, पण ड्रिलला ती लागत नाही. "सावधान" म्हटलं की पोरं टाचा जुळवू लागली. सेंट्री ड्यूटी मात्र इराला दुभाषी करून शिकवली. ज्याने उभं केलं, तोच हलवणार. सम्राटाचंही ऐकायचं नाही.

"का?" योनासने विचारलं. सर्वांत छोटा शिपाई, पुढचे दोन दात पडलेला.

मी नाईक मोहितेची गोष्ट सांगितली. माझ्या सेक्शनचा. बर्फात पोस्टवर होता. त्याला बदलायला रिलीफ पार्टी निघाली, पण वाट बर्फाखाली गेली. तो हलला नाही. सापडला तेव्हा रायफल हातातच होती.

इराने भाषांतर केलं. योनासने टाचा पुन्हा जुळवल्या.

नाटकाच्या दिवशी मध्यंतरात मुकुट स्टेजवरच्या स्टुलावर बेवारस दिसला. मी योनासला भाला देऊन तिथे उभा केला आणि पलीकडे बटाट्याच्या थालीपिठांच्या रांगेत लागलो. तिथून स्टेज दिसत नव्हतं.

पुढचं मला नंतर अमेयने सांगितलं. इरा मुकुट घ्यायला गेली आणि योनास ओरडला, "थम! कौन आता है?" इराने सांगितलं, मी सम्राट आहे. भाला हलला नाही. फ्रेंच सेनापती मदतीला आला, त्याने पोटाशी टोक पाहून माघार घेतली. फ्राऊ ब्रेमरनाही हात वर करावे लागले.

मला फक्त माइकवर "हेर हवालदार", म्हणजे श्रीयुत हवालदार, एवढंच ऐकू आलं. हवालदार हे माझं आडनाव, अशी तिथे समजूत आहे. वाटलं, आभार मानताहेत. मी रांगेतूनच चौफेर हात केला.

मीनल धावत आली. "बाबा, चला! साम्राज्य अडकलंय!"

"अगं, माझा नंबर आलाय."

"बाबा! इरा रडायच्या बेतात आहे!"

मग मात्र धावलो. एका हातात प्लेट, त्यावर सफरचंदाची चटणी. "सेंट्री, ड्यूटी खतम!"

योनासने कडक सॅल्यूट केला आणि वळला. इराने मुकुट घातला, उतरवला, जमिनीवर ठेवला. वाक्य न अडखळता म्हटलं. साम्राज्य बुडालं. टाळ्या योनासला जास्त पडल्या.

नंतर आम्ही दोघं बाकावर थालीपीठ खात बसलो. मुकुट परत तिच्या डोक्यावर, कानावर कललेला. तिने चक्क मराठीत विचारलं.

"आजोबा, मोहितेला कोणी उभं केलं होतं?"

"मी."

"आणि हलवलं कोणी?"

"कोणी नाही."

ती विचार करत चघळत राहिली. "मग तूच सांग ना त्याला."

हुकूम देणाऱ्याचं साम्राज्य नुकतंच बुडालं होतं. पण हुकूम तो हुकूम. मी प्लेट बाकावर ठेवली, हनुवटीची चटणी पुसली, सावधान झालो.

"नाईक मोहिते, ड्यूटी खतम."